अकरा दिवस

चौबे कॉलोनी, रायपूर
१७ एप्रिल २००२

शिशिर,

वर ‘चिरंजीव’ लिहायची सवय आहे. आज लिहिलं नाही. विसरली म्हणून नाही.

तीन वेळा फोन केला. दोनदा मीनलनं उचलला आणि ‘ते पेशंट पाहून राहिले’ म्हणून ठेवून दिला. तिसऱ्यांदा तूच उचलला, माझा आवाज ऐकला, आणि ठेवला. सख्ख्या बहिणीचा आवाज. म्हणून कागद घेतला. तुझं ते मणके दाबायचं केंद्र इथून वीस मिनिटांवर आहे, तरी पोस्टानं पाठवते. तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही.

फळांची टोपली परत पाठवली, ती पोचली असेल. सफरचंदाच्या खाली तुझ्या तेलाची बाटली होती आणि चिठ्ठी होती, ‘भाऊजींच्या कमरेले सकाळ-संध्याकाळ चोळा.’ कोणत्या कमरेले रे? जिच्यावर आता बारा टाके आहेत त्या? तुझी मीनल ती टोपली घेऊन आली आणि माझ्या पोरीले म्हणे, ‘जो होना था हो गया बेटा, नसीब.’ स्नेहल एकोणीस वर्षांची आहे, बीएस्सीले आहे. तिनं मामीले दारातच सांगितलं, ‘मामी, नसीब नहीं था. मामा का घुटना था.’ मी तिले रागावली नाही.

हव, तुझा गुडघाच होता. यांची कंबर मुळात कशी गेली हे तुले माहीत आहे. नवं राज्य झालं, भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या, आणि मंत्रालयाच्या रेकॉर्ड शाखेत कपाटांच्या आधी गठ्ठे येऊन पडले. शिपायांची वाट पाहणारा हा माणूस नाही. वाकून वाकून गठ्ठे उचलले आणि पावसाळ्यात कंबर धरली. तू सहा महिने चोळून राहिला. ठीक. कधी बरं वाटे, कधी नाही. पण नऊ फेब्रुवारीले, शनिवारी सकाळी, दोन्ही पायांत कळा जाऊन राहिल्या असं यांनी सांगितल्यावरही तू यांले पालथं घातलं, कमरेवर गुडघा दिला आणि झटका दिला. टक् आवाज आला. तू म्हटलं, ‘बसला मणका.’

त्या दिवसापासून यांची लघवी बंद. बसायची जागा मुकी. मांड्यांची आतली बाजू मुकी. आणि आम्हाले काय झालं ते कळेपर्यंत अकरा दिवस गेले.

दवाखान्यात डॉक्टरनं आधी पोटावर हात ठेवला. मूत्राशय बेंबीपर्यंत आलं होतं. नळी घातली तर पावणेदोन लिटर निघालं. मग सुईच्या टोकानं एकेक जागा टोचून विचारत गेला, ‘यहाँ?’ हे म्हणाले, ‘नहीं.’ ‘यहाँ?’ ‘नहीं.’ ‘यहाँ?’ यांनी डोळे मिटून घेतले होते, टोचून राहिला की नाही तेच यांले समजत नव्हतं.

मग त्यानं मले बाहेर बोलावून समजावलं. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा झुपका असते. मूत्राशयाच्या, संडासच्या, पायांच्या नसा तिथूनच खाली उतरतात. चकती सरकून त्या झुपक्यावर बसली. ती दोन दिवसांच्या आत काढली तर नसा बहुतेक परत येतात. ‘उसके बाद…’ असं म्हणून तो थांबला.

त्याच्या पुढचं मी सांगते. श्यामकांत ठोंबरे, वय बावन्न, दिवसातून पाच वेळा स्वतःच्या हातानं स्वतःले नळी घालतात. सिस्टरनं शिकवलं. लघवी तुंबून किडन्यांवर ताण आला, त्या अजून सावरल्या नाहीत. परवा सोमवारपासून हे ऑफिसात जाऊन राहिले, पिशवीत डब्याच्या बाजूले नळ्यांची पेटी. सरकारी संडासाची कडी लागत नाही म्हणून पहिल्या दिवशी दाराले पाय लावून उभे राहिले. मले हसत सांगत होते. मले हसू आलं नाही.

तुझ्याकडं रोज चाळीस माणसं येतात. कंबर दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाले दोन गोष्टी विचार. बसायची जागा बधिर आहे का? लघवी होते का? एवढं विचारायले तुझा एकवीस दिवसांचा कोर्सही लागत नाही.

पूर्णिमा


३ मे २००२

शिशिर,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, लेटरहेडवर. ‘डॉ. शिशिर भुसारी, मेरुप्राण उपचार केंद्र.’ बहिणीले पत्र लिहिताना नावाच्या मागं डॉक्टर लागते तुले.

तिसरी ओळ मी चार वेळा वाचली. ‘मूत्राशयाचा कमरेच्या मणक्यांशी संबंध आहे, हे मी पहिल्यापासून सांगत आलो, भाऊजींच्या केसनं माझा सिद्धांत खराच ठरला.’

सिद्धांत!

भाऊजी तुझी केस झाले! ज्या माणसानं तुझी बारावीची फी भरली, तुले सायकल शिकवताना ज्याचा गुडघा फुटला, तो तुझ्या सिद्धांताचा पुरावा. लाज कशी वाटली नाही रे लिहायले?

आता ऐक. मी तेवीस वर्षं नववी-दहावीले विज्ञान शिकवून राहिली, तुझ्यापेक्षा सावकाश समजावता येते मले. मणक्याचा आणि आतल्या अवयवांचा संबंध आहे. कोण नाही म्हणते? मणक्यातून नस निघते, नस मूत्राशयाले सांगते की भरलं, आता सोड. नस दबली की सांगणारं कोणी राहत नाही. आणि उलटंही होते. किडनीत खडा असला की माणूस कंबर धरून येते, आणि तू त्याची कंबर चोळत बसते. एवढा हा संबंध आहे. ह्याच्यासाठी तपासणी असते, फोटो असते, गरज पडली तर ऑपरेशन असते. पण पाठीचा सहावा मणका दाबून साखर उतरत नाही. तिसरा दाबून दमा जात नाही. एका खऱ्या गोष्टीच्या खांद्यावर तू पन्नास खोट्या बसवल्या आणि बाजारात फिरवल्या.

आणि त्या खऱ्या एकीचं काय केलं? तिलेच ओळखलं नाही. मूत्राशय बंद पडलं, कमरेच्या मणक्याची चकती सरकली, तुझ्याच भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि तू म्हटलं अजून चार दिवस दाबू.

तुझ्या भिंतीवरचं मीच लिहिलं होतं, हे मले ठाऊक आहे. सहा फुटांचा तो तक्ता मी दिवाळीच्या सुट्टीत काढला. गोल बाजारातून कापड आणि रंग आणले. जांभळं यकृत, पिवळं स्वादुपिंड, प्रत्येक मणक्यापासून एकेक लाल रेघ. तू यादी दिली, मी रेघा ओढल्या. काही रेघा चुकीच्या आहेत हे ओढतानाच समजत होतं. पुस्तकात असं नाही, असं मी तुले म्हटलंही होतं. तू म्हणाला, ‘ताई, हे पुस्तकाच्या पुढचं आहे.’ मी हसली आणि ब्रश बुडवला.

म्हणून मंगळवारी आली. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही असं लिहिलं होतं, ठेवला. तुझी ती काउंटरवरची पोट्टी मले पाहून उभी राहिली, ‘नमस्ते दीदी’ म्हणाली. मी खुर्ची ओढली, चपला काढल्या, वर चढली आणि खिळ्यातून तक्ता काढला. बाकावर सात-आठ माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ विचारतात, ‘क्या हुआ मैडम?’

मी म्हटलं, ‘ये मैंने बनाया था. गलत बनाया था.’

तू आतून आला. पांढरा कोट.

‘ताई, लोक बघून राहिले.’

‘बघू दे.’

‘आत चल, चहा घे, बोलू.’

‘तुझ्या चहाले मी आली नाही. हात सोड.’

मग तू जवळ येऊन हळूच काहीतरी बोलला. ते मी इथं लिहीत नाही.

तक्ता घरी आणून मी कैचीनं कापला. कापड जाड होतं, अंगठ्याले फोड आला.

पूर्णिमा


२० मे २००२

शिशिर,

हे पत्र मले लिहायचं नव्हतं.

तुले पाठवायच्या आधी मी प्रत्येक पत्र कच्चं लिहिते, तुले माहीत आहे, लहानपणी तुझे निबंधही असेच लिहून घेत होती. ते कच्चे कागद टेबलावर राहिले आणि काल यांनी वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘चांगलं लिहिलं,’ म्हणाले. ‘अर्धंच काहून लिहिलं पण?’

‘अर्धं म्हणजे?’

‘अकरा दिवस मी कुठं होतो, पूर्णिमा? शिशिरच्या घरी होतो का?’

मी स्वयंपाकघरात गेली. हे मागं आले. सावकाश येतात आता, उजवं पाऊल थोडं फरफटते.

‘तू त्याच्यावर राग कर. मीही करतो. माझाही हक्क आहे. पण तो पोट्टा हे पत्र वाचून काय म्हणत असेल? तायडी खोटं लिहून राहिली, एवढंच म्हणत असेल. मग बाकीचं खरंही तो फेकून देईल.’

तर पूर्ण लिहिते.

तक्ता काढला त्या मंगळवारी तू मले हळूच म्हटलं, ‘ताई, त्या दिवशी संध्याकाळी फोन कोणी केला होता? तूच ना? तेव्हा दवाखान्यात काहून नाही नेलं?’ हे मी लिहायचं टाळलं.

मीच केला होता. नऊ तारखेले संध्याकाळी हे संडासातून बाहेर आले आणि म्हणाले, ‘लघवी होऊन नाही राहिली. आणि खाली हात लावला तर दुसऱ्याच कोणाचं अंग वाटते.’ अगदी ह्याच शब्दांत. नववीच्या पुस्तकात मेरुरज्जूचा धडा आहे, मी तो तेवीस वर्षं शिकवला. मले त्याच क्षणी कळायले पाहिजे होतं. कळलं नाही म्हणू? कळलं होतं. तरी मी तुले फोन केला. तू म्हणाला, ‘घाबरू नको, मूत्राशयाचा मणका जागा होऊन राहिला, शरीर साफ होते.’ आणि मले ते ऐकायचंच होतं. दवाखान्यात नेलं तर विचारलं असतं, कोणी केलं. आणि सतरा तारखेले तुझ्या नव्या केंद्राचं उद्घाटन होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. साहेब लोक येणार होते, पेपरात जाहिरात होती. स्वागताचं भाषण माझं होतं.

तिसऱ्या दिवशी लघवी थेंब थेंब गळायले लागली. यांले समजतही नव्हतं. सोफ्यावर डाग पडला, शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या गेल्यावर मी यांच्यावर ओरडली. ‘लहान पोट्ट्यासारखं काय करता? उठून जाता येत नाही?’ हे उठले, ओली पँट घेऊन नळाखाली गेले, स्वतः धुतली. मी यांच्यासाठी जुन्या चादरी फाडल्या. पलंगावर रेक्झिन टाकलं. ऑफिसात ताप आहे म्हणून कळवलं. चौथ्या दिवशी आणि सहाव्या दिवशी तू घरी येऊन पुन्हा दाबून गेला, आणि मी तुझ्यासाठी हातात टॉवेल धरून उभी होती.

स्नेहल रोज म्हणे, ‘मम्मी, पापा को डॉक्टर को दिखाओ.’ मी म्हणे, मामाचं उद्घाटन होऊ दे.

सतराले मी निळी नारायणपेठ नेसली. माइकवर काय बोलली ते तुले पाठ असेल. मले तर आहेच. ‘माझे स्वतःचे यजमान माझ्या भावाच्या हातानं बरे झाले.’ टाळ्या पडल्या. आईच्या माघारी, नऊ वर्षांच्या पोराले मी कसं वाढवलं तेही सांगितलं. तू व्यासपीठावर डोळे पुसले. आणि तेव्हा हे घरी रेक्झिनवर पडून होते, दार बाहेरून लावलं होतं. कोणी भेटायले आलं तर उघडावं लागू नये म्हणून.

वीस तारखेले मी शाळेत असताना स्नेहलनं शेजाऱ्यांची गाडी मागितली आणि यांले दवाखान्यात नेलं. मी मागून पोचली. डॉक्टरनं विचारलं, ‘कब से?’

मी म्हटलं, ‘दो-तीन दिन से.’

माझ्या पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरले म्हणाली, ‘ग्यारह दिन. आज बारहवाँ है.’

ती आजही माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी क्या बनेगी, चाबी कहाँ है.

हे सगळं लिहिलं म्हणून तुझं काही कमी होते असं समजू नको. माझं माझ्याकडं, तुझं तुझ्याकडं. मी घाबरट निघाली. तू बेफिकीर निघाला. मी तुले वाढवलं, दोन्हीत माझा हात आहे असं लोक म्हणतील, म्हणू दे. पण कोट तू घातला होता, मी नाही. तो घालणाऱ्यानं माझ्यासारख्या बाईले फोनवर ओरडून सांगायले पाहिजे होतं, ‘ताई, काय करून राहिली घरी? उचल त्यांले!’

पूर्णिमा


१६ जून २००२

शिशिर,

काल मीनल येऊन गेली. तूच पाठवलं असशील. आरोग्य खात्यात मी तुझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मागं घ्या म्हणून पाया पडली. मी तिले उठवलं, पाणी दिलं. त्या पोरीचा राग नाही माझा. पण तक्रार मागं घेणार नाही.

तक्रारीत काय आहे तेही सांगते, म्हणजे वकिलाले विचारत फिरू नको. तारखा आहेत. तू काय केलं ते आहे. आणि ‘मी, पूर्णिमा श्यामकांत ठोंबरे, हे जाणून असून अकरा दिवस गप्प राहिली व जाहीर सभेत खोटं बोलली,’ हेही आहे. घेणारा बाबू म्हणाला, ‘मैडम, ये लाइन काट दीजिए, आपका ही केस कमजोर होगा.’ मी म्हटलं, ती काटली तर पूर्ण कागद फाडून टाका.

भाषण ऐकून तुझ्याकडं गेलेल्या लोकांची मी यादी केली. आमच्या शाळेतल्या, कॉलोनीतल्या, भजनी मंडळातल्या. अकरा घरं झाली, चार राहिली. रोज शाळा सुटली की एक घर. काय सांगते? मी खोटं बोलली होती, माझे यजमान बरे झाले नाहीत, तुम्ही डॉक्टरले दाखवा. काही जणी दारातूनच बरं म्हणतात. एकीनं विचारलं, भावाशी जमीन-जुमल्याचा वाद आहे का?

सरिता आठवते? आमच्या शाळेत हिंदी शिकवते, तुझ्या लग्नात तिनंच रांगोळी काढली होती. तू तिले साखरेच्या गोळ्या बंद करायले सांगितलं, पाठीचा मणका मोकळा केला म्हणाला. चार महिने तिनं गोळ्या घेतल्या नाहीत. मी तिले हात धरून तपासायले नेलं. जेवायच्या आधी तीनशे चाळीस. पायाच्या अंगठ्याले जखम आहे, दीड महिन्यापासून भरत नाही. रिपोर्ट हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, ‘मैं तो तुम्हारे कहने पर गई थी, पूर्णिमा.’

तुझं नावही घेतलं नाही तिनं. तुले कोण ओळखते? तू कोणाचा कोण! लोक माझ्या तोंडाकडं पाहून आले होते. बाईनं शाळेत आमच्या पोरांले शिकवलं, ती खोटं काहून बोलेल, म्हणून आले होते. माझं तेवीस वर्षांचं नाव तू तुझ्या पाटीले रंग म्हणून वापरलं, आणि मी डबा उघडून दिला.

तरी पाटी उतरव. अजून चाळीस माणसं रोज येऊन राहिली म्हणतात.

पूर्णिमा


८ जुलै २००२

शिशिर,

शनिवारी यांची तपासणी होती. किडन्या सावरल्या. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. मूत्राशय मात्र होतं तसंच. डॉक्टर म्हणाले, ‘अब इतना ही रहेगा, मानकर चलिए.’ हे म्हणाले, ‘फरवरी से मानकर ही चल रहा हूँ, साहब.’

निघताना सिस्टर मागून आली, जिनं यांले नळी शिकवली होती ती. ‘अंकल, एक पेशंट बहुत डर रही है, आज नली निकालनी है. आप दो मिनट समझा दीजिए.’ हे लगेच वळले. मी मागं गेली.

चाळिशीची बाई. भीमाबाई नाव. भनपुरीच्या गोदामात पोती उचलते. दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरून पडली होती. पाच दिवसांपूर्वी कमरेचं ऑपरेशन झालेलं. तिले वाटत होतं की नळी काढली आणि लघवी झालीच नाही तर जन्मभर अशीच राहील, मग गोदामात कोण ठेवेल, नवरा तर नाही. हे स्टूल ओढून बसले आणि पिशवीतली पेटी उघडून सरळ तिच्यासमोर धरली. बाईमाणसासमोर! मी दुसरीकडं पाहिलं.

‘ये देखो बाई, मेरी रोज की पाँच बार की ड्यूटी है. मैं दफ्तर जाता हूँ, खाना खाता हूँ, इनसे झगड़ा भी करता हूँ. तो डरना किस बात का?’

ती हसली. मग मी विचारलं, इथं कशी आली, कोणी आणलं. मले काही माहीत नव्हतं, सहज विचारलं.

‘ओ मालिस वाले डाक्टर भैया लानिस, दीदी,’ ती म्हणाली. ‘मैं तो मालिस कराए बर गे रहेंव. पूछिस, बइठे के जगा सुन्न हे का? मैं कहेंव, हव. पूछिस, पेसाब होवत हे? मैं कहेंव, काली ले नइ होय हे. ओकर मुँह सुखा गे. कोट उतारिस, अउ मोला रिक्सा म बइठार के इहाँ ले आनिस.’

कालपासून लघवी नाही एवढं ऐकून तिले रिक्षात बसवून आणणारा तो मालिशवाला तूच होता. ‘कितने बजे?’ मी विचारलं.

‘बिहनिया, ग्यारा बजे.’

सकाळी अकराले आणलं, आणि सिस्टर म्हणाली की ऑपरेशन त्याच संध्याकाळी पाच वाजता सुरू झालं. आणणारा माणूस सही करून तिथंच बाकावर बसून होता, टेबलावरून बाहेर आणेपर्यंत. केंद्राचं शटर त्या दिवसापासून खाली आहे, हेही भीमाबाईनंच सांगितलं. तिची शेजारीण जाऊन पाहून आली होती.

आम्ही तिथंच थांबलो. सिस्टरनं नळी काढली. तासाभरानं तिले धरून संडासात नेलं. यांनी घड्याळ पाहिलं, मी भिंत पाहिली. मग आतून ती ओरडली, पूर्ण वॉर्डले ऐकू जाईल अशी, ‘हो गे दीदी! हो गे!’ बाजूच्या पलंगावरची म्हातारी हात जोडून हसायले लागली. हे हसले. यांचे डोळे भरले होते, आणि चेहऱ्यावर कुठंही, शिशिर, कुठंही कडवटपणा नव्हता.

माझ्या होता. मी वऱ्हांड्यात जाऊन रडली. त्या बाईचं भलं झालं ह्याचा आनंद होता, खोटं सांगत नाही. पण त्याच्या मागून राग उठला. अकरा ते पाच. सहा घंटे! भनपुरीच्या एका अनोळखी बाईसाठी तुझं तोंड सुकलं, कोट उतरला, तू बाकावर बसून राहिला. तू अडाणी आहे, तुले यातलं काही समजतच नाही, असं धरून मी पाच महिने राग पोसला. अडाण्यावर राग धरून जगता येते. आता काय धरू? जमत होतं तुले.

म्हणशील, ‘ताई, तेव्हा मले माहीत नव्हतं, तुझ्या पत्रातून कळलं.’ असेल. पण आपल्या माणसाची लघवी बंद झाली म्हटल्यावर घाबरायले पत्र लागते का? तुले तेव्हा उद्घाटन दिसत होतं. सांगते कारण मलेही तेच दिसत होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर स्नेहलनं विचारलं, रिपोर्ट कसा आहे. मी तिले भीमाबाईचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘तो मामा कर सकते थे.’ माझ्याकडं वळली. ‘आप भी कर सकती थीं, मम्मी.’ पाच महिन्यांत पहिल्यांदा भाजी-चाबीच्या पुढचं काही बोलली. मी म्हटलं, ‘हव. करू शकत होती.’ ती माझ्याजवळ येऊन बसली नाही. पण उठूनही गेली नाही.

तक्रार मी मागं घेत नाही. भीमाबाईचं मात्र त्यात जोडून देईन, खरं आहे म्हणून. हे म्हणतात, रविवारी शिशिरले बोलाव. तर ये. मी दार उघडीन. माफ केलं असं समजून येऊ नको, तसं झालेलं नाही आणि कधी होईल हे मले माहीत नाही. यांच्यासमोर बस. अकरा दिवसांतला एकेक दिवस ते सांगतील, ऐक. मीही बाजूले बसून ऐकीन, कारण त्यांनी ते मलेही कधी पूर्ण सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

तुले एक विचारायचं होतं, नऊ तारखेले फोन ठेवल्यावर तू काय केलं म्हणून. विचारत नाही. मी काय केलं ते मले माहीत आहे. मी पोळ्या लाटल्या. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिवसभर रिक्षे उभे असतात. हात केला की येतात.

ताई